शिशाची गोळी आणि घरचा साचा

गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे वाटेत हट्टा रोड नावाचे एक लहानसे स्थानक लागते. हट्टा हे गाव बालाघाट जिल्ह्यातले. भोवताली भाताच्या बांध्या, मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा कानांवर पडतील असा हा सीमेवरचा मुलूख. गावाची ख्याती आहे ती तेथील दगडी बावडीमुळे. जमिनीखाली मजल्यामागून मजला उतरत जाणारी ही बावडी गोंड राजांच्या काळची, असे लोक सांगतात. पाण्याची सोय हा तिचा एक हेतू. सैनिकांना उन्हातून विसावा मिळावा आणि प्रसंग पडल्यास लपून राहता यावे हा दुसरा, असेही सांगतात.

दंतकथेत इतिहास किती आणि कल्पना किती, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. त्या गार पायऱ्यांवर टेकलेला एखादा बंदूकवाला शिपाई डोळ्यांपुढे आणावयास कोणाची हरकत नसावी. इतिहासाच्या पुस्तकांतला शिपाई नेहमी लढतच असतो. खरा शिपाई वर्षातून फार थोडे दिवस लढे. उरलेल्या दिवसांत तो तोडा वळी, दारू उन्हात वाळवी, बंदुकीचे कान साफ करी आणि एका लहानशा लोखंडी साच्यात शिसे ओतून गोळ्या पाडी. तलवार एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. गोळी मात्र एकदाच उपयोगी पडते. म्हणून लोहार जवळ असला तरी बंदूकवाल्याची चिंता मिटत नसे. त्याला सतत शिसे लागे. बालाघाटच्या भूमीत भरवेलीला मँगनीज आहे, मलाजखंडला तांबे आहे. शिशाची खाण मात्र नाही. मग हे शिसे येई कोठून, आणि त्याची गोळी करण्याचे सामान कोणाजवळ असे? हा प्रश्न दिसतो लहान, परंतु त्याच्या उत्तरात राज्यांच्या उलाढाली दडलेल्या आहेत.

मराठी फौजेत नवा शिपाई चाकरीस राही तेव्हा हत्यार त्याचे त्यानेच आणावयाचे असे. शिवाजी महाराजांच्या पायदळाचे वर्णन करताना ग्रँट डफ सांगतो की मावळे आणि हेटकरी आपापली शस्त्रे स्वतः आणीत आणि दारूगोळा तेवढा सरकारातून मिळे. ढाल, तलवार आणि तोडेदार बंदूक हा त्यांचा सरंजाम. कोकणातले हेटकरी तर नेमबाजीसाठी विशेष नावाजलेले. जमीनदाराच्या पदरी किंवा स्वतःच्या हिमतीवर बंदूक बाळगणाऱ्या माणसाला मात्र सर्वच जमवाजमव करावी लागे. बंदूक, लाकडी किंवा लोखंडी गज, दारूसाठी शिंगडे, रंजकाची बारीक दारू ठेवण्यास दुसरे लहान शिंगडे, तोडा, चिंध्या. आणि या सर्वांबरोबर गोळ्यांचा साचा.

हा साचा बंदुकीबरोबरच घ्यावा लागे, याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. गावठी लोहाराने घडविलेल्या दोन नळ्यांची तोंडे सारखी नसत. शेजाऱ्याची गोळी आपल्या नळीत एक तर अडके, नाही तर खुळखुळे. खुळखुळणारी गोळी दारूचा जोर वाया घालवी. अडकलेली गोळी नळी फोडून धन्याचाच जीव घेई. म्हणून नळी तसा साचा. बंदूक विकली तर तिच्यामागे साचाही जाई. युरोपातही आरंभी हीच स्थिती होती. तेथे नळीचे माप सांगण्याची जी रीत पडली ती अजून टिकून आहे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची बंदूक. आपल्या मापाने ही गोळी सव्वातीन तोळ्यांच्या जवळपास भरते. आज बारा बोअरची बंदूक हा शब्द खेड्यापाड्यांत सर्रास बोलला जातो. त्यातले बारा म्हणजे शिशाच्या वाटण्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

देशी तोडेदार बंदुकीची गोळी दोन तोळ्यांची धरली, तर ८० तोळ्यांच्या एका शेरात ४० गोळ्या होतात. एका शिपायाजवळ ४० गोळ्या म्हणजे काही फार नव्हेत. असे एक हजार शिपाई उभे केले तर एक हजार शेर, म्हणजे २५ मण शिसे पाहिजे. आणि तेही एकाच मोहिमेच्या आरंभी. लढाई लांबली, वेढा पडला, तर पुन्हा तितकेच. किल्ल्यावरच्या जेजाला आणि जंबुरे यांची भूक वेगळीच. धान्य रयतेकडून मिळे, गवत रानातून कापता येई, सोरा जुन्या घरांच्या व गोठ्यांच्या मातीतून काढता येई, कोळसा कोठेही पाडता येई. गंधक आणि शिसे या दोन वस्तूंसाठी मात्र दुसऱ्याच्या दाराशी जावे लागे.

हिंदुस्थानात शिसे नव्हते असे नाही. मेवाडात उदयपूरजवळ जावरच्या खाणी फार प्राचीन. जस्त, शिसे आणि चांदी यांसाठी तेथे शतकानुशतके डोंगर पोखरला गेला. परंतु महाराष्ट्रापर्यंत ते शिसे बैलांच्या पाठीवरून आणणे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर जकात देणे, आणि तो मार्ग बहुतेक शत्रूच्या मुलखातून. याउलट समुद्रकिनाऱ्यावर युरोपियांची गलबते लागत. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस जो माल पहिल्यापासून आणला त्यात बनाती कापडाबरोबर शिसे, कथील आणि पारा हे जिन्नस होते. विलायतेत शिसे विपुल. जहाजाच्या तळाशी ते ठेवले की जहाज स्थिर राही, आणि बंदरात उतरविले की पैसे होत. एका मालात दोन कामे.

येथेच इतिहासातली एक गंमत आहे. गंमत म्हणावी की दुर्दैव, हे ज्याचे त्याने ठरवावे. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दीच्या बाजूने गडावर तोफा डागल्या. याचा जाब म्हणून महाराजांनी १६६१ साली राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि तेथल्या इंग्रजांना कैदेत टाकले. तरीदेखील पुढील वर्षांत त्याच इंग्रजांशी तोफा आणि दारूगोळा यांसाठी बोलणी करावी लागली. इंग्रज मोगलांच्या भीतीने टाळाटाळ करीत. फ्रेंच त्या मानाने उदार, किंवा अधिक व्यापारी. ऑर्म नावाचा इंग्रज इतिहासकार लिहितो की १६७३ च्या सुमारास सुरतेच्या फ्रेंचांनी शिवाजी महाराजांना ८० तोफा आणि त्यांच्या सर्व तोडेदार बंदुकांना पुरेल इतके शिसे विकले. तोफांच्या बरोबरीने इतिहासकाराने शिशाची नोंद करावी, यातच त्या धातूची योग्यता दिसून येते. स्वराज्याला जे परक्याकडून घ्यावे लागे त्यात हा काळा, मऊ, स्वस्त धातू होता. आणि तो देणारा रुसला तर हजारो बंदुका लाठ्यांच्या मोलाच्या होत.

म्हणूनच साठवणुकीला महत्त्व आले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे १७१५ च्या सुमारास लिहिले गेले, दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी फार बारकाईने सांगितले आहे. तो राहत्या घराजवळ नसावा, दारू मातीच्या भांड्यांत ठेवावी, आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढून उन्हे द्यावीत, असा तो उपदेश आहे. दारूला असे लहान मुलासारखे जपावे लागे. शिशाची तशी कटकट नाही. ते सडत नाही, गंजून नाहीसे होत नाही, आगीत सापडले तर वितळते आणि थिजल्यावर पुन्हा गोळा करता येते. जुन्या गोळ्या, फुटलेल्या नळ्या, माशांच्या जाळ्यांची वजने, सर्व एका कढईत जाई. चांदमारीच्या बांधातली माती चाळून गोळ्या परत मिळविण्याची रीत तर जगभर आहे.

गोळी पाडण्याची क्रिया सोपी वाटते, आणि म्हणूनच नवशिक्याला ती फसविते. शिसे ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळते. घरच्या चुलीवरही हे साधते. तांब्या-लोखंडासारखी भट्टी त्याला लागत नाही. लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी, सांडशीसारखा दोन पाखांचा साचा आणि वरचे शेपूट तोडण्यास कातरी किंवा सुरी, एवढे सामान पुरे. शिसे वितळले की वर मळी येते. त्यात मेणाचा किंवा चरबीचा तुकडा टाकून ढवळले की मळी सुटून निराळी होते आणि खाली आरशासारखा चकचकीत धातू राहतो. साचा आधी दिव्याच्या काजळीवर धरावयाचा. त्याने शिसे चिकटत नाही. पहिल्या पाच-सहा गोळ्या बहुधा वाया जातात. साचा गार असला म्हणजे गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडतात आणि पोटात पोकळी राहते. साचा तापला की गोळ्या गुळगुळीत पडू लागतात. फार तापला तर त्यांच्यावर दवासारखी पांढुरकी कांती येते. वाईट गोळ्या पुन्हा कढईत. या कामात वाया काही जात नाही, वेळाखेरीज.

जाणता कारागीर नवशिक्याला एक गोष्ट पुनःपुन्हा बजावी: वितळलेल्या शिशाजवळ पाणी येता कामा नये. ओली पळी बुडविली, किंवा घामाचा थेंब कढईत पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळते शिसे तोंडावर उडते. डोळे गमावण्यास एक थेंब पुरतो. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करीत नसत ते याचसाठी.

पाडलेली गोळी चिंधीत गुंडाळून, दारूवर ठेवून गजाने ठासावयाची. ठासणीच्या बंदुकीला मऊ, शुद्ध शिसेच पाहिजे. ते दाबाने नळीशी जुळवून घेते. वाघ, अस्वल, गवा यांच्यासाठी शिशात थोडे कथील मिसळून गोळी कठीण करीत, म्हणजे ती हाडावर चपटी न होता आत शिरे. पाखरांसाठी बारीक छर्रे लागत. ते एकेक पाडणे अशक्यच. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली उंच बुरुजावरून चाळणीतून वितळलेले शिसे खाली पाण्यात सोडण्याची युक्ती काढली. पडता पडता थेंब आपोआप गोल होत. वितळलेल्या शिशाचे आणि पाण्याचे वैर त्याने असे कामास लावले.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत हट्टा, लांजी, कामठा हा सारा वैनगंगेकाठचा मुलूख नागपूरच्या अमलाखाली होता. भोसल्यांच्या पदरी अरब शिपाई पुष्कळ होते आणि बंदुकीवर त्यांचा हात चांगला बसलेला होता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर जी लढाई झाली तीत इंग्रजांना सर्वांत जड गेले ते हेच अरब. त्यानंतरही त्यांनी नागपूर शहर सोडले नाही. इंग्रजांचा हल्ला परतविला आणि ३० डिसेंबरला अटी ठरवूनच ते बाहेर पडले. पुढल्या वर्षी, मे १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि मुलखात पुन्हा धुगधुगी आली. कामठ्याच्या चिमणा पटेलाने आप्पासाहेबांच्या बाजूने उठाव केला. हा कामठा गोंदियाजवळचा. नागपूरजवळची कामठी छावणी ती वेगळी. कॅप्टन गॉर्डनच्या हाताखाली फौज जाऊन तो उठाव मोडला, आणि कामठ्याची जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. हट्ट्याची जमीनदारीही लोधी घराण्याचीच होती.

या लढायांत एक फरक डोळ्यांत भरतो. एकीकडे ज्याची बंदूक त्याचा साचा. दुसरीकडे कंपनीचा शिपाई, ज्याची बंदूक शेजाऱ्यासारखीच आणि गोळीही तीच. त्याच्या पिशवीत कागदाच्या पुड्यांत दारू आणि गोळी एकत्र बांधलेली. दाताने पुडी तोडावी, दारू ओतावी, गोळी ठासावी. त्याला साचा कसा धरतात हे ठाऊक नसले तरी चाले. एका शिपायाच्या गोळ्या संपल्या तर त्याला दुसऱ्याच्या वापरता येत. शौर्यात कोण कमी होते याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने या पुडीची चर्चा फारच थोडी झाली. पुढे १८५७ साली त्याच पुडीला लावलेल्या चरबीवरून काय घडले ते सर्वश्रुत आहे. एनफील्ड बंदुकीची लांबट गोळी फ्रेंच अधिकारी मिन्ये याच्या कल्पनेवर बेतलेली होती. तिचे बूड पोकळ असल्यामुळे ती उडताना फुगून नळीच्या आट्यांत बसे. गोल गोळीचे दिवस तेथपासून भरत आले.

सातपुड्याच्या रानात मात्र गोल गोळी आणखी काही काळ टिकली, आणि तिचा कैवारी निघाला एक इंग्रज. जेम्स फॉर्सिथ हा मध्य प्रांतातला अधिकारी. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याने त्याआधी शिकारी बंदूक आणि तिची गोळी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. दाट रानात जनावर जवळून मारावयाचे असते. तेथे दूर जाणाऱ्या लांबट गोळीपेक्षा मोठी, गोल आणि भरपूर दारूने उडालेली शिशाची गोळीच श्रेष्ठ, असे त्याचे प्रतिपादन. ही गोष्ट गोंड शिकाऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक होती. फॉर्सिथने तिला गणिताची जोड दिली.

फॉर्सिथनंतर सातच वर्षांनी, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना. त्या कायद्यातली एक व्याख्या वाचण्यासारखी आहे. दारूगोळा या शब्दात दारू, टोप्या, गारा, गोळीचे भाग, इतकेच काय, दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही धरली होती. आणि लगेच पुढे शिसे, गंधक व सोरा मात्र त्यात येत नाहीत असे म्हटले होते. गव्हर्नर जनरलला वाटेल तेव्हा जाहिरनामा काढून या तीन जिनसांवरही निर्बंध घालण्याची मुभा ठेवली होती, ती गोष्ट वेगळी. म्हणजे बाजारात दुकानदाराने शिसे विकावे, गिऱ्हाइकाने ते घ्यावे, यात गुन्हा नाही. तेच शिसे आणि साचा एका घरात सापडले म्हणजे मात्र शिपायाने दार ठोठवावे.

त्याच १८७८ साली त्याच लिटनने देशी वर्तमानपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदाही केला. छापखान्याचा खिळा आणि बंदुकीची गोळी यांचा धातू एकच. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळले की खिळ्यांची धातू होते, आणि कठीण गोळी हवी असलेले लोक जुने खिळे विकत घेऊन ते वितळवीतही. आणखी एक योगायोग असा की मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना आणि पुण्याजवळ खडकीचा सरकारी दारूगोळ्याचा कारखाना ही दोन्ही १८६९ ची. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने १८८२ साली काढून टाकला. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही राहिला. १९५९ साली संसदेने नवा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

मधल्या काळात हट्ट्यासारख्या गावांत दोन प्रकारच्या बंदुका उरल्या. जमीनदाराच्या वाड्यातली काडतुसांची विलायती बंदूक, आणि रानाच्या कडेला शेत असलेल्या माणसाची परवान्याची ठासणीची बंदूक, जिला या भागात भरमार म्हणतात. धान पिकू लागले की रानडुकरे एका रात्रीत बांधीच्या बांधी उलथून टाकतात. मचाणावर बसून डबा बडविणे हा एक उपाय. नुसत्या दारूचा बार काढणे हा दुसरा. १९५९ च्या कायद्यानेही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा निराळा उल्लेख ठेवला. ज्याला हजार रुपयांची बंदूक परवडत नाही आणि ज्याचे पीक रानाला लागून आहे, अशा शेतकऱ्याची त्यात जाणीव होती. जमीनदारी १९५१ साली गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही गेली. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आज गुन्हा आहे, मग तो चुलीवरच्या कढईतला का असेना. रानडुकरांना यांपैकी कोणताच कायदा लागू झाला नाही, अशी शेतकऱ्याची तक्रार असते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या घरगुती ओतकामाची एक बाजू जुन्या लढायांच्या वर्णनांत येत नाही. आपल्या रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात. तापविले असता दुर्गंध सुटणारा धातू म्हणून नाग व वंग यांची गणना पूतिलोहांत केली आहे, आणि अशुद्ध नाग रोग उत्पन्न करतो अशी ताकीदही आहे. आधुनिक वैद्यकाने त्याचे मर्म उलगडून दाखविले. शिशाची धूळ आणि मळी हातांवाटे अन्नात जाते. पोटात कळा येतात, रक्त फिके पडते, मनगट लुळे होते. लहान मुलांच्या मेंदूवर तर अगदी थोड्या प्रमाणातही परिणाम होतो आणि त्याला सुरक्षित अशी मर्यादा आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिकाऱ्याने मारून सोडून दिलेल्या जनावराच्या मांसातील शिशाने गिधाडांसारखे पक्षी मरतात, हेही सिद्ध झाले आहे. डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच वर्ज्य केली. चुलीपाशी बसून गोळ्या पाडणाऱ्या बापाच्या शेजारी त्याची पोरे चकचकीत थेंब वेचीत असतील, तेव्हा त्या घरात काय शिरत होते याची त्या बापाला कल्पना असणे शक्यच नव्हते.

बंदुकीचा साचा आता वस्तुसंग्रहालयात पाहावयाचा. शिसे मात्र खेड्यातून नाहीसे झालेले नाही. फेकजाळे पाण्यात पसरून तळाशी बसावे म्हणून त्याच्या घेराला शिशाची वजने ओवतात. नदीकाठचा ढिवर अजूनही शिसे वितळवितो तो या वजनांसाठी. आणि त्याच्याही कढईजवळ पाणी आणलेले चालत नाही.